डाव्या पायाचा ब्रेक

आमच्या शोरूमचं काचेचं दार कुणी ढकललं की वर बसवलेल्या स्पीकरमधून जुन्या इंजिनाचा आवाज येतो. धड, धड, धड, धड, असे सात-आठ ठोके पडतात आणि मग शांत. गिऱ्हाईक वर बघतं, खूश होतं, कुणी कुणी तर बाहेर जाऊन परत आत येतं. मी त्या दारापासून दहा पावलांवर बसते. कुरिअरवाला आला की धडधड, पाण्याचा कॅन आला की धडधड. संध्याकाळी घरी येऊन चहाचं आधण ठेवलं तरी कानात तेच चालू असतं. एकदा मॅनेजरला म्हटलं, बाबा रे, दुपारी जेवणाच्या वेळेला तरी बंद ठेव. तो म्हणाला, "मॅडम, नव्या गाडीचा आवाज आता कमी झालाय ना. लोकांना जुना आवाज हवा असतो. तोच आपला ब्रँड आहे."

मॅनेजर पुण्याचा, माझ्या भाच्याच्या वयाचा. पोरगा वाईट नाही. मराठी बोलतो, पण दर तिसरा शब्द इंग्रजी, आणि मराठीत लिहिलेलं काही वाचायची वेळ आली की कागद माझ्याकडे सरकवतो. माझं बोलणं ऐकून त्याला हसू येतं. आमचं मूळ घर निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलखातलं, शेतीवाडीचं. वडील नोकरीसाठी हैदराबादला आले आणि नल्लकुंट्यात राहिले ते राहिलेच. मी इथंच वाढले, इथंच लग्न झालं, सासरही दोन गल्ल्या पलीकडे. माझ्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' येणारच. कुणाला नसेल आवडत तर त्यानं कानात बोळे घालावेत.

बावीस वर्षं मी या मोटारसायकलींच्या दुकानात आहे. आले तेव्हा हे नारायणगुड्यात पत्र्याच्या शेडमध्ये होतं. जमिनीवर ऑइल, भिंतीवर ऑइल, माझ्या साडीच्या निऱ्यांना ऑइल. मी पार्ट्सच्या काउंटरवर बिलं लिहायची. मिस्त्री लोक शिव्या देत यायचे, चहा पीत बसायचे आणि "अम्मा, क्लच केबल" म्हणून हात पुढं करायचे. आता काच आहे, थंडगार एसी आहे, कॉफीचं मशीन आहे. कंपनीच्या नावाचे टी-शर्ट, जाकिटं, चाव्यांच्या साखळ्या, एवढंच काय, कॉफीचे मगसुद्धा विकायला ठेवलेत. आणि मला डिलिव्हरीच्या टेबलावर बसवलंय. नवीन गाडी न्यायला लोक आले की मी गाडीला कुंकू लावते, हार घालते, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवते आणि चावी हातात देते. मग ते केक कापतात. कुंकू माझ्याकडे, केक मॅनेजरकडे, अशी वाटणी आहे.

कंपनीचं दुखणं मला एवढ्या वर्षांत चांगलं कळलंय. तिला म्हातारं पण दिसायचंय आणि धावायचंय पोरांसारखं. लोक पांढऱ्या केसांना कलप लावतात, हे उलटं आहे, काळ्याभोर केसांना चुना फासून आजोबा व्हायचं. दिवा तसाच गोल, टाकी तशीच पोटवाली, सीट तशीच रुंद. आत मात्र सगळं बदललेलं. बटण दाबलं की चालू. मोबाइल जोडला की तबकडीत रस्ता दिसतो. मी त्याला नावं ठेवत नाही. रोज सकाळी किक मारून मारून गुडघे गेलेले लोक मी पाहिलेत, आमच्या घरातच एक आहे. पण एक गोष्ट अशी बदलली की ती डोळ्याला दिसतच नाही. ती पायांत आहे.

जुन्या गाडीला गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या पायाला. बाकी सगळ्या दुनियेच्या गाड्यांना ह्याच्या उलट. मग नियम बदलले, कंपनीनंही बदललं, आणि आता नव्या गाडीत गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. तरुण पोरांना ह्यात काही वाटत नाही, त्यांनी दुसरं काही पाहिलेलंच नाही. पण ज्यांनी जन्मभर जुनी गाडी चालवली, ते नवीन गाडी घ्यायला आले की सगळं बघून झाल्यावर एकदा खाली बघतात आणि विचारतात, पायांचं काय?

त्यांच्यासाठी माझ्याकडे एक वाक्य होतं. "गाडी तीच आहे हो, फक्त पाय बदललेत. दोन दिवसांत सवय होते." हे कंपनीनं शिकवलेलं नव्हतं, माझंच होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आजवर मी स्कूटरशिवाय काही चालवलेलं नाही, आणि माझ्या स्कूटरला दोन्ही ब्रेक हातातच. पण मी ते असं काही ठसक्यात म्हणायची, की गिऱ्हाईक मान हलवायचं आणि सही करायचं. मॅनेजर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला होता, मॅडमकडून शिका, एका वाक्यात भीती घालवतात. मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

आता आमच्या घरातल्याविषयी. माझे मिस्टर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होते. पोरांना तारा जोडून द्यायच्या, काचेच्या वस्तू पुसून ठेवायच्या, कुणी काही फोडलं तर ओरडायचं. घरात मात्र कधी आवाज चढवला नाही. लग्नाच्या आधीपासून त्यांच्याकडे ही गाडी, काळी, जुनी, उजव्या पायाच्या गिअरची. लग्नानंतर अठ्ठावीस वर्षं मी तिच्या मागं बसले. आम्ही बायका साडी नेसून बसणार म्हणजे दोन्ही पाय डावीकडे टाकून, तोंडही डावीकडे. मग मान खाली घातली की दिसतं काय, तर नवऱ्याचा डावा पाय आणि त्याच्याखालचा ब्रेक. अठ्ठावीस वर्षं मी तो पाय बघितलाय. चामड्याची चप्पल, अंगठ्याचं नख जरा वाकडं. समोर काय आलंय ते मला कधी दिसलं नाही. पाय खाली गेला की मी त्यांच्या कमरेला धरायची, बस.

रिटायर झाले आणि किक मारताना गुडघा कटकट वाजायला लागला. एक दिवस तर गाडी चालू होईना म्हणून पायरीवर बसून राहिले, घामानं ओले. मी म्हटलं, झालं तेवढं पुरे, आता बटणाची घेऊ. ते नाही म्हणाले. मी आठ दिवस मागे लागले. त्यात मॅनेजरच्या कानावर गेलं की मॅडमच्या घरी जुन्या वेळची, न बदललेली गाडी आहे. तो दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन घरी हजर. म्हणाला, सर, तुमची गाडी आम्ही भंगारात नाही टाकणार, शोरूममध्ये मानानं ठेवू, दारासमोर. त्या बदल्यात नवीन गाडी घ्या. मिस्टर पेढा हातात धरून बसले. तो गेल्यावर मला म्हणाले,

"अगं, सगळं ठीक आहे. पण पायांचं काय?"

मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हटलं, "दोन दिवसांत सवय होते."

गिऱ्हाइकाला सांगते तसंच सांगितलं. नवरा आहे, जरा हात थांबवून विचार करावा, हे सुचलं नाही. दिवसभर तेच बोलून बोलून तोंडात बसलेलं असतं.

जुनी गाडी वर्कशॉपमध्ये गेली आणि महिनाभरानं नटून आली. आमच्या मिस्त्रींनी तिचा डाव्या पायाचा ब्रेक हातात घेऊन मला दाखवला होता. चप्पल घासून घासून लोखंड मधून खोलगट झालेलं. म्हणाले, "देखो अम्मा, साब कितना दबाए." मग त्याला क्रोमचं पाणी दिलं, तो आरशासारखा झाला. टाकीवरचा पोचा गेला, सीटचं कव्हर गेलं, आरसे बदलले. गाडी दारासमोर उंच ओट्यावर ठेवली, भोवती लाल दोरी, पाटीवर 'हेरिटेज कॉर्नर', आणि खाली लहान अक्षरांत 'कृपया बसू नये'. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढायला लागले. मी रोज सकाळी तिच्याकडे बघत हजेरी लावायची. मिस्टर एकदाही बघायला आले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

नवीन गाडी ते नीट चालवत होते. आमच्या गल्लीतून निघताना मागं बसून मला ऐकू यायचं, हळू आवाजात म्हणायचे, "उजवा ब्रेक, उजवा ब्रेक." नामस्मरण करावं तसं. सिग्नल लांबून दिसला की पुन्हा, "उजवा ब्रेक." मला हसू यायचं. मी म्हटलंही, अहो, देवाचं नाव घ्या त्यापेक्षा. वीस दिवस असेच गेले. विचार करायला वेळ असला की पाय ऐकतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वेळ नसला की काय करतात, तेही नव्हतं.

एकविसाव्या दिवशी आम्ही भाचीच्या साखरपुड्याला निघालो होतो. सकाळची वेळ, नारायणगुड्याच्या चौकाच्या अलीकडे. माझ्या मांडीवर ओटीची पिशवी, तोंड नेहमीसारखं डावीकडे. एका दुकानाच्या शटरवर काय लिहिलंय ते वाचत होते. एकदम ते "अरे" म्हणाले आणि मी सवयीनं खाली बघितलं. डावा पाय खाली गेला होता, पार शेवटापर्यंत. गाडी थांबली नाही. इंजिन किंचाळलं, कारण तो पाय गिअरवर होता. पाय उठला आणि पुन्हा खाली गेला, जास्त जोरात. मग तिसऱ्यांदा. तीन वेळा दाबलेला मी डोळ्यांनी पाहिला. मग समोर उभ्या असलेल्या ऑटोच्या मागच्या बाजूला आम्ही जाऊन धडकलो.

मला कोपराला खरचटलं. नारळ फुटला. त्यांचं मनगट मोडलं.

ऑटोवाला उतरून ओरडायला लागला, मग त्यांचा हात बघून गप्प झाला आणि त्यानंच आम्हाला दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मिस्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "कुत्रं आडवं आलं."

कुत्रं नव्हतं. शेपूटसुद्धा नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "हो ना, मेलं कुठून आलं कोण जाणे."

संध्याकाळी दीर-जाऊ आले, त्यांना कुत्रं सांगितलं. शेजारी आले, त्यांना सांगितलं. सांगता सांगता कुत्र्याला रंग आला, तपकिरी. मग ते लंगडत होतं. साखरपुडा चुकला म्हणून रागावलेली माझी बहीण आली, तोपर्यंत त्याच्यामागे एक पिल्लूही आलं होतं. मी प्रत्येक वेळी मान हलवली. पिल्लाच्या वेळी तर मीच "एवढंसं" म्हणून हात करून दाखवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघांनाही माहीत होतं की मूठ रिकामी आहे, आणि दोघांनीही ती उघडली नाही. ते उघडत नव्हते, कारण चूक त्यांच्या पायाची होती. मी उघडत नव्हते, कारण ती माझ्या तोंडाची होती.

आणि आता सांगते ते सांगायला लाज वाटते. त्यानंतरही दोन महिने मी शोरूममध्ये तेच वाक्य बोलत राहिले. घरी नवरा डाव्या हातानं जेवतोय, पार्किंगमध्ये नवीन गाडी दुरुस्त होऊन कव्हराखाली उभी आहे, आणि मी म्हणतेय, दोन दिवसांत सवय होते. असं का केलंस म्हणून कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. थकले होते, एवढंच म्हणेन. थकलेलं माणूस रोजचंच बोलतं. नवीन वाक्य तयार करायलाही अंगात काही लागतं.

त्यांच्या हाताचं प्लास्टर निघालं. मी म्हटलं, आता हळूहळू चालवा. म्हणाले, हात दुखतो. आठवड्यानं पुन्हा म्हटलं. म्हणाले, हात दुखतो. दोन माणसांनी मिळूनही उघडणार नाही असं लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी त्याच हातानं उघडलं, पण गाडीचा विषय निघाला की हात दुखायचा. दवाखान्यात मी स्कूटरवरून न्यायची तेवढंच, बाकी घराबाहेर पडणंच बंद झालं. भाजी मी आणायची, औषधं मी आणायची, कॉलेजच्या जुन्या मित्रांकडे दर गुरुवारी जायचे तेही संपलं. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. मला भीती वाटायला लागली की हा माणूस आता इथूनच म्हातारा होत जाणार, आणि ह्याला मी बसवलंय.

मग ते चष्मेवाले आले. आबिड्सला चष्म्याचं जुनं दुकान आहे त्यांचं, साठीच्या पुढचे, दाढी पांढरी, कपडे कडक इस्त्रीचे. बाहेर त्यांची जुनी गाडी लावलेली, आमच्यासारखीच. ती देऊन नवीन घ्यायची होती. सगळं बघितलं, सीटवर हात फिरवला, बटण दाबून चालू केली आणि लहान मुलासारखे हसले. म्हणाले, नातीला रोज शाळेत सोडतो, तिला पुढं टाकीवर बसायला आवडतं, जुन्या गाडीची टाकी तापते म्हणून ती ओरडते. मग खाली बघितलं.

"अम्मा, सब अच्छा है. मगर पाँवाँ का क्या?"

माझं तोंड उघडलं. वाक्य ओठावर आलेलं. मॅनेजर कॉफी घेऊन शेजारीच उभा होता. आणि मला टाकीवर बसलेली पोर दिसली, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. ती मी कधी पाहिलेली नाही, पण दिसली. मी उठले, ओट्यापाशी गेले आणि लाल दोरी काढली.

"मॅडम?" मॅनेजर म्हणाला.

"बैठो साब," मी चष्मेवाल्यांना म्हटलं. "हमारीच गाडी है."

ते पाटीकडे बघायला लागले. मी म्हटलं, पाटीचं राहू द्या. ते बसले. पाय आपोआप जागेवर गेले, खाली बघावंही लागलं नाही. मी म्हटलं, आँखाँ बंद करो, मैं ब्रेक बोली तो मारना. त्यांनी डोळे मिटले. मी जरा थांबले आणि मग जोरात ओरडले, "ब्रेक!" डावा पाय खाली गेला. क्रोमचा तो ब्रेक चमकला. शोरूममधली चार माणसं वळून बघायला लागली.

मग त्यांना नवीन गाडीवर बसवलं. समजावून सांगितलं, ब्रेक उजवीकडे. त्यांनी मान हलवली, उजवा पाय ठेवून बघितला, दोनदा दाबला. डोळे मिटले. मी त्यांना त्यांच्या दुकानाविषयी विचारलं, नातीचं कसं चाललंय विचारलं. ते सांगत होते की ती पहिलीत आहे आणि पाढे येत नाहीत, तेवढ्यात मी ओरडले, "ब्रेक!"

डावा पाय. खट्कन गिअर पडला.

ते हसले. म्हणाले, और एक बार. पुन्हा तेच केलं, पुन्हा डावा. तिसऱ्यांदा तर मी ओरडण्याआधीच त्यांनी उजवा पाय ताणून धरला होता, आणि ओरडल्यावर तो तसाच राहिला आणि डावा खाली गेला. तेव्हा ते हसले नाहीत. डोळे उघडून आपल्या पायाकडे बघत राहिले. जित्याची खोड म्हणतात, पण ही खोड तरी कुठं, चाळीस वर्षं ह्याच पायानं त्यांना वाचवलं होतं.

"क्या करूं फिर?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं ते साधं होतं. घ्यायची तर घ्या, पण सहा महिने एकट्यानं, रिकाम्या मैदानात. नातीला बसवू नका. आणि नसेल जमत तर तुमची गाडी वाईट नाही, टाकीवर जाड कापड टाका. त्यांनी माझा हात हातात घेतला, "सोच को आतूं, अम्मा," विचार करून येतो, म्हणाले आणि गेले. दार उघडलं, वरून धडधड झाली, मग बाहेर त्यांची खरी गाडी चालू झाली.

मॅनेजरनं कॉफीचा मग टेबलावर ठेवला. "मॅडम, हे काय होतं? बुकिंग गेलं ते जाऊ दे. तुम्ही लोकांना घाबरवताय. तुमचंच वाक्य आहे ना, दोन दिवसांत सवय होते?"

आणि मग मला राग आला. त्याच्यावर नाही, पण समोर तोच होता. मी म्हटलं, "नाही होत सवय! माझ्या नवऱ्याचा हात डाव्या पायानं मोडलाय. कुत्रं नव्हतं. मी मागं बसले होते, मी बघितलंय. तीन वेळा दाबला त्यांनी. आणि सवय होते म्हणून त्यांना मीच सांगितलं होतं, भाजी चिरत."

कॉफीचं मशीन तेवढं गुरगुरत होतं. मला एकदम रडू आलं, त्याचाही राग आला, मी पदरानं नाक पुसलं आणि बसले.

पोरगा ओट्यावर चढला आणि आमच्या गाडीवर बसला. दोन्ही पाय ठेवून खाली बघत राहिला. "ओरडा ना," म्हणाला. मी ओरडले. त्याचा उजवा पाय गिअरवर आदळला. तो उतरला, दोरी परत लावली आणि म्हणाला, "बाप रे." थोड्या वेळानं मात्र त्याच्यातला मॅनेजर परत आला. म्हणाला, मॅडम, हे आपण जुन्या रायडर्ससाठी एक सेशन म्हणून करू शकतो, दर शनिवारी, तुम्ही घ्या, मी वर कळवतो. छान नाव देऊ. मी म्हटलं, नाव दे, टी-शर्टही काढ, पण ते वाक्य मी आता बोलणार नाही. तो म्हणाला, "नका बोलू."

त्या संध्याकाळी मिस्टरांना हाताच्या व्यायामासाठी बरकतपुऱ्याला न्यायचं होतं. हल्ली ते माझ्या स्कूटरवर मागं बसतात. आधी लाजायचे, गल्लीच्या तोंडापर्यंत चालत यायचे आणि तिथून बसायचे. आता घरापासून बसतात. मी त्यांना जाताना काही सांगितलं नाही. येताना रस्त्याला गर्दी होती, तेव्हा समोर बघत बघतच सांगितलं, आज मी शोरूममध्ये बोलले. काय, ते म्हणाले. मी म्हटलं, कुत्रं नव्हतं, असं.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा सांगायचा धीर नव्हता.

नल्लकुंट्याच्या चौकात एक ऑटो डावीकडून मध्येच घुसला. मी दोन्ही ब्रेक दाबले. त्याच क्षणी मागून स्कूटरला हादरा बसला, डावीकडून, धाडकन. त्यांचा पाय. मागच्या पायदाणीवर, जिथं काहीच नाही, तिथं त्यांनी डावा पाय मारला होता. आणि मला एकदम कळलं की हा हादरा नवा नाही. गेले दोन महिने दर सिग्नलला बसतोय. मी समजत होते, ते नीट सरकून बसतायत.

स्कूटर थांबली. ऑटो निघून गेला. मागून हळूच आवाज आला.

"मीपण मारला."

"कळलं," मी म्हटलं.

"तू बघितलं होतंस ना तेव्हा?"

"बघितलं होतं."

"मग कुत्र्याला हो कशाला म्हणालीस?"

"तुम्ही कशाला म्हणालात?"

समोरचा सिग्नल लाल झाला होता, शेजारी दुधाच्या कॅनची सायकल उभी होती. मग ते म्हणाले, "लोक तुला बोलले असते. शोरूममध्ये बसते आणि नवऱ्याला धड सांगितलं नाही म्हणून."

मला मागं वळता येईना, हेल्मेट आड येत होतं. माझे डोळे भरून आले होते आणि पुढचा सिग्नल हिरवा झालाय का पिवळा ते दिसेना. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. मी स्कूटर पुढं घेतली.

"पाय मारायचा बंद करतो," ते म्हणाले. "तुझा तोल जाईल."

"नक्को," मी म्हटलं. "मारत जा. दोघांनी मारलेला बरा."